एक घर, तीन वयं: भावंडांसाठी होमस्कूलिंगचा अभ्यासक्रम कसा निवडावा

तीन मुलं, प्रत्येकाचे पाच विषय, विषयाला चाळीस मिनिटं. गुणाकार केला तर दिवसाचे दहा तास होतात. स्वयंपाक, बाजार, नोकरी आणि शेजारच्या मावशीचं ‘पोरं शाळेत का नाहीत गो?’ हे सगळं सांभाळून रोज दहा तास शिकवणारं माणूस कुठल्याच घरात नसतं. तरीही भावंडांसाठी अभ्यासक्रम शोधणारे पालक पहिल्यांदा हेच करतात: सहावीचा एक संच, चौथीचा एक, पहिलीचा एक. शाळा घरी आणायची नाही म्हणत तीन वर्ग घरी आणतात, आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीपर्यंत दमून जातात.

माझं म्हणणं एवढंच आहे की अभ्यासक्रम मुलागणिक निवडू नका, विषयागणिक निवडा. काही विषयांत प्रत्येक मूल आपापल्या पायरीवर असतं आणि खालची पायरी गाळता येत नाही. बाकीच्या विषयांत सगळी एका पंगतीला बसू शकतात. वाढायचं एकच, ज्याची जितकी भूक तितकं तो जेवेल. पायरीचे विषय कोणते आणि पंगतीचे कोणते हे ठरलं की निम्मी निवड झाली.

उदाहरणासाठी गोव्यातल्या फोंड्याच्या आसपासचं एक घर धरू. थोरली १३ वर्षांची, मधला ९, धाकटी ६. घरात मराठी, वाड्यावर कोंकणी, टीव्हीवर हिंदी, आणि पाहुण्यांसमोर इंग्रजी बोलून दाखवण्याची सक्ती.

आधी थोरलीची परीक्षा ठरवा

निवड धाकट्यापासून करायचा मोह होतो, कारण लहान मुलांचं साहित्य रंगीत आणि गोड असतं. पण घरात सगळ्यात आधी दहावीच्या दाराशी पोचणार आहे ती थोरली. तिला कुठल्या मंडळाचं प्रमाणपत्र घ्यायचं ते ठरलं की मागे मोजत यायचं.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा आपल्याकडच्या बहुतेक होमस्कूलिंग कुटुंबांचा रस्ता. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. किमान पाच विषय घ्यायचे, त्यात निदान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. दोन आता, तीन पुढच्या खेपेला, असं करता येतं. दहावीला मराठी माध्यम उपलब्ध आहे आणि भाषा म्हणूनही मराठी घेता येते. अभ्याससाहित्य संस्थेच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. अर्ज भरण्याआधी त्यातली दोन-तीन प्रकरणं मुलीला वाचायला द्या. भाषा कोरडी आहे, आणि काही मुलांना ती अजिबात मानवत नाही.

इथे एक सापळा आहे. एनआयओएसची दहावी गणिताशिवायही उत्तीर्ण होता येते. मुलगी गणिताला कंटाळली आहे म्हणून गृहविज्ञान, चित्रकला, भारतीय संस्कृती असे विषय घेऊन टाकले, आणि दोन वर्षांनी ती म्हणाली की मला बायोलॉजी करायचंय, तर उच्च माध्यमिकच्या विज्ञान शाखेचं दार जड जाईल. मुलीचं मन ठरलेलं नसेल तर गणित आणि विज्ञान ठेवाच. विज्ञानाला प्रात्यक्षिकंही असतात आणि ती अभ्यासकेंद्रातून होतात, तेव्हा केंद्र कुठलं मिळतंय ते नोंदणीच्या वेळीच बघा.

दुसरा रस्ता केंब्रिजच्या आयजीसीएसईचा, म्हणजे दहावीच्या तोडीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा. खासगी उमेदवार घेणारं परीक्षाकेंद्र आधी शोधावं लागतं आणि शुल्क विषयागणिक असतं. पाच-सहा विषयांचं शुल्क गुणिले तीन भावंडं हा हिशेब आत्ताच मांडा. विज्ञानात प्रयोगशाळेऐवजी लेखी पर्यायी पेपर देण्याची सोय आहे, ती घरी शिकणाऱ्याला बरी पडते. सीबीएसईचं तसं नाही. तिथे दहावीची नोंदणी नववीपासून शाळेमार्फतच होते. सावंतवाडीचे पाहुणे ‘१७ नंबरचा फॉर्म भर’ असं नक्की सांगतील. शाळेत न जाता खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा तो फॉर्म, पण महाराष्ट्र मंडळाचा. गोव्याचं शालान्त मंडळ वेगळं, पर्वरीला. तिथे काय चालतं ते तिथेच जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

कायद्याबद्दल थोडं, कारण आजी-आजोबा तेच विचारतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, आणि होमस्कूलिंगचा उल्लेखही नाही. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेत नसलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे १४ वर्षांपर्यंत परतीचा रस्ता उघडा असतो. धाकट्या दोघांच्या बाबतीत एवढं लक्षात असलं की अभ्यासक्रम निवडताना हात थरथरत नाही.

इयत्ता विसरा, जागा शोधा

आता प्रत्येक मूल प्रत्येक पायरीच्या विषयात कुठे उभं आहे ते बघायचं. वयावरून नाही, आणि मागच्या प्रगतिपुस्तकावरून तर मुळीच नाही.

गणितासाठी एनसीईआरटीची किंवा बालभारतीची पाठ्यपुस्तकं घ्या. दोन्हींच्या पीडीएफ फुकट मिळतात, आणि बालभारतीची मराठीत आहेत. मुलाच्या वयाला जी इयत्ता लागू पडते तिच्या दोन इयत्ता खालचं पुस्तक उघडा आणि शेवटच्या चार प्रकरणांतून दहा उदाहरणं काढा. घड्याळ लावू नका, शेजारी बसून हुंकारही देऊ नका. आठच्या वर बरोबर आली तर एक इयत्ता वर जा. पाचच्या आत आली तर एक खाली. मधे अडकली तर तीच जागा. ९ वर्षांच्या मुलाचा गुणाकार पक्का आणि वजाबाकीत हातचा घेणं कच्चं, असं हमखास निघतं. तेव्हा त्याला सबंध दुसरीचं पुस्तक द्यायचं नाही, तेवढं प्रकरण करून पुढे जायचं. शाळेला हे करता येत नाही. तुम्हाला येतं.

वाचनाची चाचणी त्याहून सोपी. पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचायला द्या. पाचांहून जास्त शब्दांवर अडखळलं तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवण्याचं आहे, त्याने एकट्याने वाचण्याचं नाही. ही चाचणी मराठीत वेगळी आणि इंग्रजीत वेगळी घ्या. आपल्याकडे दोन्हींत दोन-तीन इयत्तांचं अंतर असणं अगदी नेहमीचं आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

कधी धाकटी ६ व्या वर्षी भराभर वाचते आणि मधला ९ व्या वर्षीही अडखळतो. अशा घरात दोघांना एकाच मालिकेची पुस्तकं घेऊ नका. मालिकेवर क्रमांक छापलेले असतात आणि मुलं ते बरोबर वाचतात. दोघांना वेगळ्या प्रकाशनाची, वेगळ्या आकाराची पुस्तकं द्या, म्हणजे तुलना करायला आधारच उरत नाही.

भाषेचा निर्णय पुढे ढकलू नका

गोव्यात हा प्रश्न बाकीच्यांपेक्षा जास्त बोचतो. माध्यमाच्या वादावर आपल्याकडे मोर्चे निघाले, सरकारं अडचणीत आली. घरात मात्र तो वाद मिटवायचा नसतो, वेळापत्रक आखायचं असतं.

माझा सल्ला असा. ज्या भाषेत मूल भांडतं आणि ज्या भाषेत ‘का’ विचारतं, त्या भाषेत आठ-नऊ वर्षांपर्यंत गणित आणि परिसर शिकवा. मराठी घरात ती मराठी असेल, कोंकणी-मराठी मिसळलेली असेल तरी चालेल. देवनागरी पक्की झाली की मराठी, देवनागरी कोंकणी आणि हिंदी तिन्ही वाचता येतात. लिपी तीनदा शिकवावी लागत नाही, तेव्हा हिंदीसाठी वेगळा संच विकत घेऊच नका. इंग्रजी रोज, पण आधी तोंडी: गोष्ट वाचून दाखवायची, मुलाने आपल्या शब्दांत सांगायची.

थोरलीचं मात्र वेगळं. परीक्षेचं माध्यम कोणतं ते किमान दोन वर्षं आधी ठरवा. मराठीत शिकलेल्या मुलीला इंग्रजीतून परीक्षा द्यायची असेल तर विज्ञानाच्या संज्ञा दोन्ही भाषांत तिच्या वहीत हव्यात: प्रकाशसंश्लेषण आणि फोटोसिंथेसिस शेजारी शेजारी.

विषयांची वाटणी

पायरीचे विषय दोनच: गणित आणि भाषेचं वाचन-लेखन. थोरलीसाठी, परीक्षा दीड-दोन वर्षांवर आली की, विज्ञान तिसरा. बाकी सगळं पंगतीचं: इतिहास, भूगोल, परिसर, धाकट्यांचं विज्ञान, कला, संगीत, गोष्टी, हस्तकला, बागकाम.

पायरीच्या विषयांसाठी साधं, क्रमवार, थोडं कंटाळवाणंही चालेल असं पुस्तक घ्या. त्यात दोन गोष्टी बघा. एक, पालकासाठी उत्तरं किंवा सूचना आहेत का. दोन, धड्यातलं निम्मं तरी मुलाला तुमच्याशिवाय करता येतं का. तीन भावंडांच्या घरात दुसरी गोष्ट निर्णायक आहे. कितीही सुंदर अभ्यासक्रम असो, प्रत्येक ओळीला आई शेजारी लागत असेल तर तो एकुलत्या एका मुलासाठी आहे.

परदेशी तयार संच बघताना सावध राहा. गणितात डॉलर आणि सेंटची नाणी, मापं इंचांत, विज्ञानात बर्फाचा माणूस, इतिहासात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. चांगले संच आहेत, नाही असं नाही, पण ६ वर्षांच्या मुलीला ‘क्वार्टर’ म्हणजे किती पैसे हे समजावण्यात सकाळ घालवायची असेल तरच घ्या. काही संच एका विशिष्ट धर्मश्रद्धेवर बेतलेले असतात आणि ते विज्ञानाच्या पुस्तकात उतरतं, तेव्हा नमुना प्रकरण पूर्ण वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

धाकट्यांसाठी वापरून संपणाऱ्या वर्कबुकांपेक्षा वाचून उरणारी पुस्तकं बरी, कारण थोरलीचं मधल्याला आणि मधल्याचं धाकटीला जायचं असतं. उदाहरणं वहीत सोडवायची, पुस्तकात पेन्सिल लावायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून.

पंगतीचा विषय कसा रचायचा

इथे विकतचं फार थोडं लागतं. चार-सहा आठवड्यांचा एक विषय घ्यायचा आणि तिघांना तीन खोलींवर उतरवायचं. गोव्यात राहणाऱ्याला तर शोधत जावं लागत नाही. एक विषय सविस्तर मांडतो: खाजन.

मांडवी आणि जुवारीच्या काठाने भरतीचं खारं पाणी बांधांनी अडवून शेती आणि मासेमारी करण्याची ही पद्धत शेकडो वर्षांची. आजही सुमारे १८ हजार हेक्टर जमीन खाजन म्हणून ओळखली जाते. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांची झडप. भरती चढली की पाण्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आतलं पाणी ती उघडून बाहेर जातं. ना वीज, ना माणूस. आत कोरगुटसारखं खारेपणा सोसणारं भात होतं.

पहिल्या आठवड्यात तिघं एकत्र जातात. दिवाळीनंतर, सुकतीच्या वेळी, गावातल्या माहीतगार माणसाला घेऊन, बांधावरून. मानशीतली मासेमारी लिलावाने दिलेली असते, तेव्हा विचारल्याशिवाय जाळ्याला किंवा दाराला हात लावायचा नाही, आणि पावसाळ्यात बांधावर मुलं न्यायची नाहीत.

६ वर्षांची काय करते? खेकडे मोजते, बगळ्यांची चित्रं काढते, बांबूच्या काठीवर पाणी कुठवर आलं त्याची खूण करते. घरी येऊन तीन वाक्यं सांगते, ती तुम्ही लिहून घेता आणि ती खाली गिरवते.

९ वर्षांचा भरतीच्या वेळा दहा दिवस नोंदतो. रोज भरती सुमारे ५० मिनिटांनी उशिरा येते हे त्याला सांगायचं नाही, तक्त्यावरून त्याला ते दिसू द्यायचं. मग अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, कॅलेंडरशी जुळवायचा. पुठ्ठ्याची मानस करून टबात चालवून बघायची; दार उलटं बसवलं तर काय होतं तेही.

१३ वर्षांची प्रयोग मांडते. चार वाट्या, प्रत्येकीत वीस दाणे मूग. एकीत साधं पाणी, बाकीच्यांत लिटरला ५, १० आणि २० ग्रॅम मीठ. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्याच्याशी तुलना. आठवडाभर किती रुजले ते मोजायचं आणि आलेख काढायचा. शिवाय बांध कोण राखत असे, गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकारीचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या भाषेतल्या कोमुनिदादचा, त्यात काय वाटा होता, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुणाकडे गेली, आणि आज खाजनातल्या बांधकामावरून ग्रामसभा का तापतात, यावर दोन पानं. हे लेखन तिच्या पायरीच्या विषयात, भाषेत धरायचं. एकाच कामाचे दोनदा गुण घेतले म्हणून कुणी पकडायला येत नाही.

बघा, यात विज्ञान, भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र, कला आणि थोडं गणितही झालं. तुमची तयारी एकदाच.

असेच विषय वर्षाच्या हवामानाप्रमाणे लावा. जूनपासून पाऊस, वीज जाणार, नेटवर्क जाणार. तेव्हा घरातले विषय आणि वाचन, ऑनलाइन वर्गांवर भिस्त नको. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट: आंबाडे, कवंडळं, सुपारीचे घड आणि रानातली फळं यांचा संग्रह आणि वर्गीकरण. ऑक्टोबर ते फेब्रुवारी भटकंतीचे महिने. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य, तांबडी सुर्लचं कदंबकालीन महादेव मंदिर, सांगेत कुशावतीकाठची उसगाळीमळची कातळचित्रं, मिरामारचं विज्ञान केंद्र. शिगम्याला लोककला, एप्रिलमध्ये काजू. पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी, कोंकणी, इंग्रजी तिन्ही मिळतं. पुस्तकं विकत घेण्याआधी तिथे चक्कर मारा, निम्म्यांची गरज उरत नाही.

दिवस कसा बसतो

आमच्या कल्पित घराचा दिवस असा. नऊला सगळी एकत्र, पाऊण तास पंगतीचा विषय आणि वाचून दाखवणं. मग धाकटीला पहिला वेळ, कारण ती ताजी असते आणि तिला थांबता येत नाही: वीस मिनिटं गणित, थोडा खेळ, वीस मिनिटं वाचन. तोवर मधला एकट्याने जमणारी उदाहरणं सोडवतो, थोरली तिचं विज्ञान वाचते. नंतर मधल्याला तीस-चाळीस मिनिटं. धाकटी माती, रंग, ठोकळे यांत. थोरलीला शेवटचा तास, पण तो शिकवण्याचा नाही. तिने काय केलं ते तपासायचा आणि जिथे अडलं तिथे बोलायचा. साडेबारापर्यंत संपतं. दुपारी कुणालाही शिकवू नका, गोव्यात ती झोपायची वेळ आहे.

थोरलीला धाकटीची शिक्षिका करायचा मोह आवरा. आठवड्यातून एखाद-दोनदा गोष्ट वाचून दाखवणं तिच्याही फायद्याचं. रोजचं काम झालं तर तिचा अभ्यास मागे पडतो, आणि बहुतेक घरांत हे ओझं मुलीवरच येतं.

पैसे भरण्याआधी आणि नंतर

कुठलाही विकतचा अभ्यासक्रम आधी एका मुलासाठी, एका विषयाचा, दोन आठवडे चालवून बघा. तिघांचा संच एकत्र घेतला तर सवलत मिळते असं विकणारे सांगतील. तीच सवलत तुम्हाला न जमणाऱ्या संचात अडकवते. दोन आठवड्यांत मूल आपणहून पुस्तक उघडतं का, धडा किती वेळात संपतो, आणि तुमचा आवाज चढतो का, एवढं बघा. तिसऱ्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो.

नोंदी ठेवा, पण शाळेसारख्या नकोत. प्रत्येक मुलाची एक फाइल. महिन्याला लेखनाचा एक नमुना, गणिताचं एक पान, पंगतीच्या विषयातलं एक काम, तारखेसह. जन्मदाखला, आधार आणि आधीच्या शाळेचा दाखला त्याच फाइलीत. पुढे शाळेत परतायचं झालं किंवा एनआयओएसची नोंदणी करायची झाली तर शोधाशोध नको. एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षण कार्यक्रमात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष असे तीन स्तर आहेत. ज्यांना मधेच प्रमाणपत्र हवं वाटतं त्यांनी मधल्यासाठी त्याचा विचार करावा. बहुतेकांना गरज पडत नाही.

फेरविचार वर्षातून दोनदा: दिवाळीत आणि मार्चअखेर. दर वेळी एका मुलाचा एकच विषय बदला. सगळं एकदम बदललं तर काय लागू पडलं ते कळतच नाही. गणिताचं पुस्तक तर दोन वर्षांच्या आत बदलायचं असेल तेव्हा पुन्हा दहा उदाहरणांची चाचणी घ्या, कारण दोन प्रकाशनांत प्रकरणांचा क्रम वेगळा असतो आणि अपूर्णांकांसारखं एखादं प्रकरण दोन्हीकडून निसटतं. थोरलीचे विषय मार्चमध्ये एकदा तिच्यासोबत बसून वाचा, अर्जाच्या तारखा एनआयओएसच्या संकेतस्थळावर बघून कॅलेंडरवर लिहा, आणि तिची जुनी पुस्तकं मधल्याच्या कपाटात ठेवण्याआधी त्यात चुकून लिहिलेली उत्तरं खोडून काढा.